गुडघ्यावर कापलेला फोटो

माझ्या सासऱ्यांकडून फोटो काढून घ्यायचा असेल तर आधी माझ्याशी बोला, कारण नंतर भांडायला तुम्ही माझ्याकडेच येणार आहात. सासऱ्यांचं नाव बाबली. मालवणपासून जरा पुढे, किनाऱ्याला लागून आमची वाडी, आणि वाडीच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ. फोटो ते काढतात. ते कापणं, रंग नीट करणं, छापणं आणि लोकांच्या शिव्या खाणं हे खातं माझं, म्हणजे त्यांच्या सुनेचं, प्राजक्ताचं. मी फोंडाघाटची. आमच्याकडे मनात असेल ते तोंडावर बोलतात. इथे समुद्राकाठी भरती-ओहोटी बघून तोंड उघडायचं असतं, आणि त्याने माझं डोकं फिरतं.

पासपोर्टच्या फोटोला माणूस आला की हे आधी विचारणार, "जेवलंस?" उपाशी माणसाचा चेहरा बरा येत नाही म्हणे. जेवला नसेल तर त्याला घरी पाठवतात. आलेलं गिऱ्हाईक घरी! लग्नात अक्षता पडतात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, आणि कॅमेरा कुठे? मागच्या दारी, नवरीच्या काकाला चौघेजण मिळून धोतर नेसवतायत तिथे. नंतर नवरीची आई माझ्यापुढे डोळ्यांना पदर लावते, अक्षतांचा एक धड फोटो नाही म्हणून. आणि संताप कशाचा येतो सांगू? वर्षाने त्या घरी जावं तर भिंतीवर काकाच्या धोतराचाच फोटो लावलेला असतो. म्हणजे मला धड रागावताही येत नाही.

घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तसा यंदा जितेंद्र आला. हा आमच्या वाडी लीगचा अध्यक्ष. दरवर्षी किनाऱ्यावर टेनिस बॉलची स्पर्धा होते, प्रत्येक वाडीचा एक संघ. मैदानावर खाज्याच्या पुड्या विकतात, आणि प्रत्येक पुडीत एका खेळाडूचं कार्ड घालायचं ही जितेंद्रची कल्पना. गेल्या वर्षीची कार्डं मी खेळाडूंनी पाठवलेल्या फोटोंवरून केली होती. प्रत्येकजण काळा गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा. मागे कोणाला वीज चमकवून हवी, कोणाला वाघ. मी वाघ बसवले. पोरांनी खाजं खाल्लं आणि वाघांसकट कार्डं वाळूत टाकून दिली.

"यंदा फोटो बाबलीकाकांचे घेऊया," जितेंद्र म्हणाला. मी मनात म्हटलं, मेले.

"गॉगलवाल्याक काय बघूचा?" बाबा लगेच सुरू झाले. "तो खेळता कसो, ता दिसाक व्हया. कार्ड केवढा? तळहाताएवढा. हातात धरल्यार तो मनीसच हातात इलो असा वाटाक व्हया."

बोलायला काय जातं! पण गेल्या वर्षभराचे त्यांचे सामन्यांचे फोटो मी उघडले आणि गप्प झाले. एका गोलंदाजाची जीभ दातांत धरलेली, एक डोळा मिटलेला, चेंडू नुकताच बोटांतून सुटलेला. विकेटकीपर हातमोजे काखेत धरून तळपायातली शिंपल्याची कच काढतोय. एक रनआउट, ज्यात दोन्ही फलंदाज एकाच बाजूला पोचलेत आणि पंचाच्या तोंडात अर्धा वडा आहे. आणि एका फोटोत बाउंडरीवरचा पोरगा चेंडू उचलायला वाकलाय, तर मागे वाळत घातलेल्या बांगड्यांपाशी आमची नर्मदाकाकी झाडू उगारून उभी आहे.

"ही काकी काढून टाक," जितेंद्र म्हणाला.

"तिका काढलंस तर तो पोरगो घाबरलोहा कित्याक, ता कसा कळतला?" बाबा म्हणाले. मी नमुना म्हणून चार कार्डं छापून शेजारच्या पोरांना दाखवली. सगळ्यांना काकीच हवी होती. खेळाडूचं नाव कोणी विचारलंसुद्धा नाही, तो बिचारा अजून माझ्यावर रुसलेला आहे.

बाबांची एक अट मात्र दगडावरची रेघ. पाय कापायचे नाहीत. "खेळ पायात आसता. तोंड काय, लग्नातय तसाच आसता." कार्डाचा आकार उभा, फोटो आडवा, त्यात पाय बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले. एकदा मी एका फलंदाजाचे नुसते अंगठे कापले, तर ह्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

आणि मग एक नंबरच्या कार्डासाठी ह्याच माणसाने मला गुडघ्यावर कापलेला फोटो आणून दिला.

एक नंबरचं कार्ड म्हणजे गेल्या वर्षीच्या फायनलचा झेल. तो झेल समजायचा तर आधी आमचा समुद्राचा नियम समजला पाहिजे. तीन बाजूंना बाउंडरीची दोरी असते. समुद्राच्या बाजूला दोरी टिकत नाही, म्हणून तिथे पाणी हीच बाउंडरी. झेल घेताना पाय भिजला तर सिक्स, कोरडा राहिला तर आउट. लाट येते नि जाते, पंचाला लांबून काय कळणार? म्हणून झेल घेणाऱ्यालाच विचारतात, पाय भिजला काय? तो सांगेल ते खरं. ज्या दर्यात उद्या होडी घालायची त्याच्या काठावर उभं राहून कोणी खोटं बोलत नाही, असं ह्या लोकांचं म्हणणं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून हसले होते, तर सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

तर फायनलचा शेवटचा चेंडू, भरती चढत आलेली, सिक्स बसली तर कप आमच्या वाडीचा. बॅटिंगला सुशांत, म्हणजे बाबांचा मुलगा आणि माझा नवरा. त्याने चेंडू समुद्राकडे असा काही मारला की त्याने तिथेच दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागला. पाण्याच्या कडेला विनीत होता. विनीत पलीकडच्या वाडीचा, बाबांच्या बहिणीचा मुलगा. त्याने उडी मारून झेल घेतला. विचारल्यावर म्हणाला, "नाय, भिजूक नाय." सुशांत आउट. आणि हा इकडे अजून हात वर करून नाचतोय!

सुशांत टेम्पोने मासळी बाजारात पोचवतो. त्या दिवसापासून टेम्पो दिसला की पोरं दोन्ही हात वर करतात. बाजारात मासेवाल्या हात वर करतात. तिठ्यावरचा चहावाला ग्लास हातात देण्याआधी हात वर करतो. पहिले काही दिवस मीही हसले. मग माझा नवरा घरातल्या घरात आंबत गेला. आमटी अळणी, पंखा वाजतो, उशी टोचते, सगळ्याला नाव. बॅट माळ्यावर टाकली. संध्याकाळी पायरीवर बसायचं आणि किनाऱ्यावरून आरडाओरड आली की उठून आत जायचं. यंदा संघाने बोलावलं तर सरळ नाही म्हणाला. त्यांनी त्याची जागा भरलीच नाही, दहाजण घेऊन उतरायचं ठरवलं, तरी हा ढिम्म. मला माझा नवरा परत हवा होता. कप गेला खड्ड्यात.

तेव्हा तो अर्धा फोटो बघून माझं डोकं ठणकलं. "बाबा, पाय खंय?"

"खाली काळोख होतो," ते म्हणाले. संध्याकाळचं ऊन सगळ्या अंगावर पडलेलं, आणि म्हणे काळोख!

दुपारी ते आडवे झाल्यावर मी जुनी डिस्क उघडली. त्या फायनलचे फोटो मी वर्षभर उघडलेच नव्हते, पण त्यांचे सगळे फोटो मीच साठवते, त्यामुळे लपवायचं तर ह्यांना तेही जमत नाही. अख्खा फोटो समोर आला आणि मी खुर्चीतून उठलेच.

अर्ध्या फोटोत विनीत बल्ब बदलायला हात वर केल्यासारखा दिसत होता. अख्ख्या फोटोत तो उडत होता. एक पाय हवेत, दुसऱ्याची टाच खाली पातळशा लाटेत, आणि त्या टाचेभोवती पाणी उडालेलं, प्रत्येक थेंबात ऊन. वर बोटांत चेंडू नुकताच शिरलेला. मागे लोकांची उघडी तोंडं. आणि त्याच्या काखेखालून, लांब खेळपट्टीवर, नखाएवढा सुशांत दोन्ही हात वर करून. ते पाणी होतं म्हणून उडी किती वेगाची होती ते कळत होतं. पाणी झाकलं की माणूस लटकवल्यासारखा दिसायचा, मी हाताने झाकून बघितलं. फोटोचा सगळा जीव त्या टाचेत होता, आणि टाच पाण्यात होती. सिक्स! शंभर टक्के सिक्स!

मी बाबांना हलवून उठवलं. "ह्या काय?"

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "बघलंस?"

"तुमका म्हायत होता?"

"कॅमेऱ्यातून बघत होतंय तेव्हाच."

"आणि गप रवलात? तुमच्या झिलाक अख्खो बाजार हात वर करून दाखवता, आणि तुम्ही गप?"

"मगे काय करू? माझोच झील आउट झालो आणि मीच फोटो घेवन धावतलंय? लोक म्हणतले, बापूस फोटोग्राफर म्हणान सिक्स झाली. आणि विनीत माझ्या भयणीचो. बापूस नाय तेका. दर्याच्या काठार खोटा बोललो म्हटल्यार तेच्या होडयेत कोण खलाशी चढात? सुशांताक चार दिवस हसतले नि विसरतले."

"वर्स झाला, बाबा!"

"होय," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मलाही कळतं. पण चावा दर वेळी माझ्याच नवऱ्याला का? आणि जन्मभर दुसऱ्याच्या पंगती नि धोतरं टिपत फिरलेल्या ह्या माणसाने एकदा असा फोटो काढला, की जो बघून माझ्या अंगावर काटा आला, तर तो डिस्कमध्ये पुरून ठेवला! शिरा पडो त्या शहाणपणावर. मी सांगून टाकलं, "अर्धो फोटो मी छापूचंय नाय." ते म्हणाले, "मगे एक नंबराचा कार्डच नको." तिकडे जितेंद्र दर तासाला फोन करून विचारतोय, वैनी, झेल झाला काय?

शेवटी मी डोकं तापल्यावर करतात तेच केलं. विनीतला बोलावून घेतलं.

तो होडीवरून तसाच आला, अर्धी चड्डी ओली. मी आधी अर्धा फोटो दाखवला. "बरो आसा," म्हणाला आणि मोबाईल बघायला लागला. मग अख्खा दाखवला. त्याने मोबाईल खाली ठेवला.

"वैनी, ह्यो मी?"

काय काय सुनवायचं ते मी सकाळपासून घोळवून ठेवलं होतं.

"बोटां बघ कशी ताणलीहत. आणि पाणी काय उडालाहा!"

"तांच बघ म्हणतंय मी. पाणी बघ, विनीत. टाच बघ."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि चेहरा उतरला. स्टूल ओढून बसला. "लागला होता पाणी," तो म्हणाला. "माका थंयच कळला. पण पंचान इचारल्यान तेव्हा सगळ्यांनी माका उचललेलो. तोंडातून नाय म्हणान गेला. मगे परत सांगूचा धाडसच झाला नाय. सुशांतदादाचो टेम्पो दिसलो की मी रस्तो बदलतंय, वैनी."

मला वाटलं, आता हा पाया पडणार, फोटो पुसून टाक म्हणून रडणार. मी मनातल्या मनात नाही म्हणायची तयारी केली. तर हा डोळे पुसून म्हणतो, "ह्योच छाप."

"मेल्या, ह्यो छापलो तर तू सगळ्या किनाऱ्यार खोटो पडशीत!"

"पडांदे. असो फोटो माझो परत कोण काढतलो?"

मी कपाळाला हात लावला. दर्याची भीती ह्याला खरं बोलायला लावू शकली नाही, मामेभावाचं उतरलेलं तोंड लावू शकलं नाही, आणि स्वतःची एक उडी बघून गडी विरघळला! हसावं की थोबाडीत द्यावी? पण खोटं कशाला बोलू, मला तो समजला. त्या फोटोतला विनीत होण्यासाठी मीसुद्धा थोडी बदनामी सोसली असती. मी कार्ड छापलं आणि बाबांना न सांगता थेट पुड्यांत घालायला पाठवून दिलं.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सुशांत घरापुढच्या खळ्यात टेम्पो धूत होता. किनारा हाकेच्या अंतरावर, माइकचा शब्द न शब्द घरात ऐकू येतो, म्हणून तो मुद्दाम नळ मोठा सोडून बसलेला. तेवढ्यात बाबा मैदानावरून धापा टाकत परत आले. गळ्यात कॅमेरा, हातात कार्ड, चेहरा पांढरा.

"प्राजक्ता, काय केलंस गो ह्या?"

"जा केलंय ता बरा केलंय," मी म्हटलं, त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि सुशांतच्या ओल्या हातात दिलं. नळही बंद केला.

माइकवर गाऱ्हाणं सुरू झालं होतं. खेळ सुरू होण्याआधी वाडीचे गावकर देवाला साकडं घालतात, आणि जमलेले सगळे होकार देतात. "बा देवा महाराजा, आज ही जी पोरां तुझ्या पायाशी खेळाक उतरलीहत, तेंका सांभाळून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"कोणाचो हात मोडूक नको, पाय मोडूक नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मग माइक खरखरला, कोणीतरी तो ओढून घेतला, आणि विनीतचा आवाज आला. चिरका, घाईघाईचा. "गेल्या वर्साच्या फायनलीत माझो पाय भिजलेलो. सुशांतदादाची सिक्स होती. मी खोटा बोललंय."

आणि लोकांनी सवयीने एका सुरात म्हटलं, "व्हय महाराजा!"

मग असा हशा उठला की नर्मदाकाकीच्या परसातले कावळे उडाले. गावकरांनी माइक परत घेतला आणि विनीतने दर्याला नारळ द्यावा, तो गोड मानून घे, असं गाऱ्हाण्यातच घालून टाकलं. व्हय महाराजा! झालं. मिटलं. कोणी होडीतून उतरलं नाही, कोणी भाच्याला वाळीत टाकलं नाही. ह्या एवढ्यासाठी माझ्या घरात वर्षभर सुतक!

सुशांत कार्डाकडेच बघत होता. अंगठ्याने त्याने त्यावरचं पाणी पुसलं. "ह्यो मागे मी," तो म्हणाला. मग बाबांकडे वळला. "फोटो तुम्ही काढलास?"

"होय."

"पाय भिजलेलो तुम्ही तेव्हाच बघलास?"

बाबांनी मान हलवली. मग विनीत, बहीण, होडी, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात सांगायला लागले. सुशांतने मध्ये तोंड घातलं नाही. त्यांचं संपू दिलं.

"लोकांका सांगूक नाय, ता बरा केलास," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मलाच भीती वाटली. "विनीताची काळजी केलास, तांय बरा केलास. पण माका सांगूचा होता, बाबा. जेवताना, हळूच. 'सिक्स होती रे,' इतक्याच. मी कोणाक बोललंय नसतंय. हात वर केल्यानी तरी हसलंय असतंय."

माझे सासरे टेम्पोला टेकून उभे राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि मला, इतके दिवस चिडलेल्या मला, ते बघवेना.

"चुकलंय रे," ते म्हणाले. "तुका इतक्या लागलाहा, ता माका दिसूकच नाय."

माइकवर संघांची नावं पुकारत होते, आमच्या वाडीची दहा नावं झाली आणि पुकारणारा थांबला. सुशांतने हात पँटला पुसले, कार्ड खिशात घातलं आणि माळ्यावरची बॅट काढायला आत गेला. शिडी पाडली, माझी डब्यांची चवड पाडली, मी बाहेरून ओरडतेय, आणि हा बॅट घेऊन ओल्या पँटीनेच धावत सुटला.

बाबांनी गळ्यातला कॅमेरा काढला, टेम्पोच्या सीटवर ठेवला आणि त्याच्या मागोमाग निघाले.

"बाबा, कॅमेरो ऱ्हवलो!" मी हाक मारली.

"ऱ्हवांदे थंयच," ते मागे न बघता म्हणाले. "आज झिलाक बघूक जातंय."